न आलेल्याची पाळी

रिकामं मशीन दिसलं की मुक्यालाही वाचा फुटते. सुगीचे दिवस लागले की आमच्या खळ्यावर रोज सकाळी मला हेच ऐकावं लागतं. "वहिनी, ते छोटं मशीन काय हवा खायला ठेवलंय?" "त्याला नजर लागेल म्हणून चालवत नाही की काय?" मी म्हणते, ठेवलंय तर ठेवलंय. तुमची पाळी मोठ्यावर आहे, तिकडे उभे राहा आणि ऊन लागत असेल तर डोक्यावर काहीतरी घ्या.

गहू मळायची दोन मशीनं आहेत आमच्याकडे. मोठं ट्रॅक्टरवर चालतं, छोट्याला स्वतःचं इंजिन आहे. कापणी झाली की आजूबाजूचे लोक पेंढ्या गाडीत घालून आमच्या खळ्यावर आणतात, आपापली गंजी रचतात आणि पाळीची वाट बघत बसतात. नियम दोनच. एकदा मशीनला लावलेली गंजी संपेपर्यंत मशीन दुसऱ्याला द्यायचं नाही, मग तो दुसरा कोण का असेना. आणि जेवणवेळेपर्यंत छोटं मशीन रिकामं ठेवायचं. न सांगता, अचानक, थोडासा माल घेऊन जो कोणी येईल त्याच्यासाठी. कोणी आलंच नाही तर दुपारनंतर ते रांगेतल्यांना.

दोन्ही नियम मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. त्यांनी जन्मभर पाळ्या दिल्या. गुडघे गेले तेव्हा बाज खळ्याच्या कडेला टाकून घेतली आणि भर रांगेसमोर जाहीर केलं, "इथून पुढं पाळी सून देईल." आमचे हे तिथंच उभे होते, हातात पाना घेऊन. मामंजी त्यांना म्हणाले, "तुझ्या तोंडात नाही हा शब्दच नाही. तुझ्याकडे दिली तर रांगेत जेवढी माणसं तेवढे पहिले नंबर." लोक हसले. हेही हसले. पण त्या दिवशी जेवताना यांनी ताटावरून मान वर केली नाही. माझ्या तोंडात तो शब्द भरपूर आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मला त्याची लाज वाटत नाही.

छोटं मशीन रिकामं का ठेवतात, हेही साऱ्या गावाला ठाऊक आहे. फक्त कोणी बोलत नाही. ते वन्संसाठी आहे.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण, माझी नणंद. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दिलेली. लग्नानंतर तिची गाडी आली की मामंजी रांग बाजूला सारून लेकीचा गहू आधी मळून द्यायचे. एका सुगीत लोक कुरकुरले. म्हाताऱ्याला ते झोंबलं. वन्संची गाडी खळ्यात शिरतेय तोच सगळ्यांदेखत म्हणाले, "मुलगी असलीस तरी पाळी पाळीच. रांगेत उभी राहा." बोलण्यात चूक काही नव्हती. पण सांगायला वेळ असते, जागा असते, लेकीला एका बाजूला घेऊन सांगता येतं. वन्संनी बैल सोडलेच नाहीत. गाडी तशीच वळवली. त्यानंतर त्यांनी गहू घरच्या अंगणात काठीनं झोडपून काढला, दरवर्षी, नवरा-बायको दोघांनी मिळून. आमच्या खळ्याकडे त्या फिरकल्या नाहीत.

पुढच्या सुगीला मामंजींनी छोट्या मशीनचा नियम काढला. कोणीही यावं, न सांगता यावं, मशीन मोकळं असेल. म्हणजे लेकीला रांगेत उभं राहायला नको, 'आधी माझं घ्या' म्हणायला नको, आणि लोकांना बोट दाखवायला जागा नको. म्हातारा तोंडानं काही बोलला नाही, पण ही बातमी ओढा ओलांडून जाईल याची त्यानं बरोबर व्यवस्था केली. बातमी गेली. वन्सं आल्या नाहीत. शिंपीण आली, पोस्टमन आला, कोण कोण आपल्या वाफाभर गव्हाच्या पेंढ्या घेऊन आले आणि तासाभरात मळून गेले. बाकी सकाळी मशीन उभंच. मला राग यायचा. बाप-लेकीचं रुसणं आणि त्यापायी सुगीतल्या सकाळी मातीत. आणि रांगेतल्यांचं ऐकून घ्यायला मी.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. कापणीच्या ऐन तोंडावर वन्संचे मालक घराची कौलं चाळताना खाली आले. खांदा मोडला. हात गळ्यात बांधलेला. हे बघायला जाऊन आले. "कापणी केलीय तिनं एकटीनं," सांगत होते. "सगळ्या पेंढ्या अंगणात पडल्यात. त्यांचा हात असा, ही झोडपणार किती? मी म्हटलं गाडी घेऊन येतो, तर म्हणाली, बघू."

"बघू म्हणाली?" मामंजी बाजेवर उठून बसले.

"हो. बघू म्हणाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाज फिरवून घेतली. ओढ्याकडच्या वाटेकडे तोंड. आम्ही सगळे समजलो. वर्षाचं खाणं आणि पुढचं बियाणं असं सगळं वन्संच्या अंगणात उघड्यावर होतं, आणि ते आमच्या छोट्या मशीनवाचून निघणार नव्हतं.

आठवडा असाच गेला. रोज सकाळी वाट रिकामी, मशीन रिकामं. एक दिवस लोहार रांगेत होता. त्याच्यापुढं मोठ्या मशीनवर लांबलचक गंजी चालू होती. तो छोट्याच्या चाकावर बसून बिड्या ओढत राहिला. शेवटी उठला, पेंढ्या पुन्हा गाडीत भरायला लागला.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"पलीकडच्या गावात. तिथं मशीन एकच आहे, पण फिरतंय तरी." मग गाडीवर चढता चढता म्हणाला, "तुमच्याकडे काय, न आलेल्याला मान आणि आलेल्याला ऊन."

रांगेतले खो खो हसले. एरवी मी कोणाचं ठेवून घेत नाही, पण त्याचं खरं होतं. त्याचा माल तासाभराचा होता.

त्यानंतर आभाळ बिघडलं. सुगीत पाऊस येऊ नये, पण पावसाला कोण सांगणार. सकाळी उठले तर वारा मेलेला, अंगाला कपडा चिकटतोय, आणि मावळतीकडे तव्याच्या बुडासारखी एक काळी पट्टी. ज्यांचं मळून झालं होतं ते सुटले. खळ्यावर एकच गंजी उरली होती, माडीवाल्याची. गावात माडीचं घर त्याचं एकट्याचं, म्हणून तो माडीवाला. गंजी पण तशीच, घराएवढी. बरोबर मजुरांचा मोठा ताफा. मजुरीच्या बदल्यात त्यांना गव्हातच वाटा मिळायचा, म्हणून तेही आभाळाकडे बघत होते.

माडीवाला माणूस वाईट नाही. जवळ येऊन सरळ बोलला. "वहिनी, दोन्ही मशीनं द्या."

"छोटं जेवणवेळेपर्यंत मोकळं असतं."

"ते ठाऊक आहे मला. पण बघा, एकट्या मोठ्यावर लावलं तर संध्याकाळ होते. पाऊस काही संध्याकाळपर्यंत थांबत नाही. दोन्हीवर लावलं तर दुपारी माझं संपतं, आणि तुमची दोन्ही मशीनं मोकळी. मग येऊ दे कोणाला यायचंय ते. रांगेत आहे का दुसरं कोणी?"

नव्हतं. मी वाटेकडे बघितलं. वाटेवर कुत्रंसुद्धा नव्हतं. मनात हिशेब केला, उलटा केला, सुलटा केला, माणसाचं बोलणं कुठंही चुकत नव्हतं. आठवडाभर जी आली नाही ती या असल्या आभाळात घराबाहेर पडेल, असं कोण म्हणेल?

तरी मी मामंजींच्या बाजेपाशी गेले. "माडीवाले दोन्ही मागतायत. देऊ?"

मामंजी वाटेकडेच बघत होते. "पाळी कोण देतं?"

"मी."

"मग मला कशाला विचारतेस?"

मला ते बोलणं लागलं. नाही म्हणायचं तर म्हणा ना सरळ. ज्याच्यासाठी सगळी सुगी बोलणी खाल्ली त्यानं असं तोंड फिरवायचं? मी तरातरा परत आले आणि यांना म्हणाले, "छोटं पण लावा." यांनी माझ्याकडे बघितलं, वाटेकडे बघितलं, आणि इंजिनाचा दांडा फिरवला.

खरं सांगते, ते मशीन सकाळच्या वेळी फिरताना बघून मला बरं वाटलं.

मग जे काम सुटलं ते सुटलं. गंजीला दोन्ही बाजूंनी माणसं लागली. मोठ्याच्या तोंडाशी माडीवाल्याचे गडी, छोट्याच्या तोंडाशी हे. पेंढी उचलायची, बंध कापायचा, पसरून आत ढकलायची, हात वेळेवर मागं घ्यायचा. बायका फडक्यांनी तोंडं बांधून दाणे ओढत होत्या. भुसा अंगावर, भुसा डोळ्यांत, कुसळं गळ्यातून आत जाऊन टोचतायत, आणि खाजवायला हात मोकळा नाही. आमच्याकडच्या होत्या तेवढ्या ताडपत्र्या दोन्ही मशीनखाली अंथरल्या. भरलेली पोती शेडमध्ये जाऊ लागली आणि बघता बघता शेड दारापर्यंत भरली. मी पोत्यांची तोंडं शिवत होते. सुई ओढून ओढून बोटाला चीर पडली होती. काळी पट्टी चढत चढत अर्ध्या आभाळाला आली होती, पण गंजीही निम्म्यावर आली होती. माडीवाला सारखा म्हणत होता, "जमतंय, जमतंय."

तेवढ्यात हे थांबले. पेंढी हातात तशीच. मी ओरडले, "ढकला की आत." हे वाटेकडे बघत होते.

ओढ्याच्या वळणावर बैलगाडी होती. पेंढ्या उंच रचलेल्या, दोरानं आवळलेल्या. बैलांच्या पुढं वन्सं चालत येत होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण उशिरा. ज्या आभाळानं माडीवाल्याला घाई झाली त्याच आभाळानं वन्संना घराबाहेर काढलं होतं. उघडं ऊन असतं तर दोघांपैकी कोणीच छोटं मशीन मागितलं नसतं.

गाडी खळ्यात आली. गाडीच्या मागं त्यांनी स्वतःची पोती बांधून आणली होती, स्वतःची चादर, स्वतःचा झाडू, पोती शिवायची सुई-सुतळीसुद्धा. आमच्याकडे काही म्हणजे काही मागायला लागू नये अशी सगळी तयारी. छोट्या मशीनकडे बघून त्या उभ्या राहिल्या. चेहरा उन्हानं काळवंडलेला, हातांना कापणीचे ओरखडे.

"वहिनी, मोठ्यावर कोणाचं चाललंय?"

"माडीवाल्यांचं."

"आणि छोट्यावर?"

"त्यांचंच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "सकाळचं हे मोकळं असतं, असं म्हणतात."

"असतं," मी म्हणाले. "आज नाहीये."

यांनी हातातली पेंढी खाली टाकली. "थांब तू. मी बंद करतो." आणि इंजिनाकडे वळले. माडीवाला मध्ये आला. "अहो, असं कसं? अर्धी गंजी टाकून? वहिनी, हे तुमच्या खळ्यावर कधी झालंय का?" मजूर थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, त्यांचाही वाटा त्याच गंजीत होता.

"बंद करा," मी यांना म्हणाले. "पाळी मी देते. मी सांगते बंद करा."

"नको," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, नियम मी मोडलाय. निस्तरणार पण मीच."

"तू एक मोडलास, आता माझ्यापायी दुसरा मोडणार. सगळ्यांदेखत. पुन्हा." आवाज चढला नव्हता त्यांचा. "मला पाळी हवी होती, वहिनी. उपकार नको होता."

"दुपारी मोकळं होतंय," हे म्हणाले. "तोवर गाडी शेडमध्ये घेऊ." मग यांनी शेडकडे बघितलं. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ताडपत्री द्यावी म्हटलं तर सगळ्या गव्हाच्या राशींखाली. एका माणसाला सगळंच देऊन बसलो होतो आम्ही.

वन्संनी वर बघितलं. "दुपारपर्यंत ते थांबत नाही, दादा. आणि तिकडे निम्म्या पेंढ्या अंगणात आहेत. एका हातानं किती झाकतील ते?" त्या बैलांच्या तोंडाशी गेल्या आणि गाडी वळवायला लागल्या.

मामंजी बाजेच्या काठाला धरून उठायला बघत होते, गुडघे उठू देत नव्हते. "चिमणे," त्यांनी हाक मारली. "बस तरी जरा."

वन्सं थांबल्या. बापाकडे बघितलं त्यांनी, नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, किती वाळलाय ते. "बसायला वेळ नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "आभाळ आलंय."

गाडी गेली. यांनी पुन्हा मशीन चालू केलं. दुसरं काय करणार? अर्ध्या गंजीला सोडून पळत जायचं तर वन्संचाही गहू निघत नव्हता आणि मजुरांचाही बुडत होता. यांची नजर सारखी वाटेकडे जात होती. मी म्हणाले, दुसऱ्या कोणाला तोंडाशी उभं करा, बोटं जातील. ऐकलं नाही.

काम मात्र माडीवाला म्हणाला त्याच्याही आधी झालं. शेवटची पेंढी गेली, दोन्ही मशीनं थांबली, आणि कानात एकदम शांतता भरली. सगळं पोत्यांत, पोती शेडमध्ये, मावली नाहीत ती ताडपत्र्यांखाली. छोटं मशीन मोकळं, मोठं मशीन मोकळं. मग थेंब पडायला लागले, रुपयाएवढाले. माडीवाला कपाळ पुसत म्हणाला, "वहिनी, तुमच्यामुळं वाचलो." मजुरांतली एक म्हातारी माझ्या हाताला हात लावून गेली. माणसानं आभार मानावेत आणि ते अंगावर गरम पाण्यासारखे पडावेत, तसं झालं मला.

यांनी उरलेली एक ताडपत्री ओढून घेतली, मोटारसायकलवर आडवी टाकली आणि गेले. परत आले ते संध्याकाळी, नखशिखांत भिजून, कुडकुडत. वन्संची गाडी केव्हाचीच ओढ्याच्या चढाला रुतून बसली होती. दोघा बहीण-भावांनी चाकाला खांदा लावला. ताडपत्री टाकेपर्यंत पेंढ्यांतून पाणी गळत होतं. अंगणातल्यांचंही तेच.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. बैलांशी बोलत होती."

पाऊस रात्रभर आणि दुसरा दिवसभर पडला. मामंजींची बाज आत घेतली होती. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच मला सहन होईना. ओरडले असते तर मीही ओरडले असते, मोकळी झाले असते. शेवटी मीच त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "बोला काहीतरी."

"तुझं चुकलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

"मग असे का बसलात?"

"चुकलं नाही म्हणून गहू वाळतो का?"

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि खळ्यावर रांग लागली. ज्यांचं राहिलं होतं, ज्यांचं थोडं भिजलं होतं, सगळे एकदम. लोहारसुद्धा परत आला होता, पलीकडच्या गावातलं मशीन चिखलात रुतून बसलं होतं म्हणे. मी यांना म्हणाले, "छोटं ट्रॅक्टरला जोडा."

"कुठं न्यायचंय?"

"वन्संच्या अंगणात."

आमचं मशीन कधी खळ्याबाहेर गेलं नव्हतं. माल मशीनकडे येतो, मशीन मालाकडे जात नाही. हे आकडा घालायला लागले. रांगेत गलका झाला. "वहिनी, ऐन वेळेला?" "परत कधी येणार?" मी म्हणाले, "माहीत नाही. ट्रॅक्टर परत आला की मोठ्यावर पाळीनं घ्या. थांबायचं त्यांनी थांबा, जायचं त्यांनी जा." लोहार म्हणाला, "आता न आलेल्याच्या दारात मशीन नेताय होय?" मी म्हणाले, "हो." तो हसला नाही. बाजूला सरून त्यानं ट्रॅक्टरला वाट दिली. बरेच जण मात्र गाड्या जुंपून निघून गेले आणि त्यांतले निम्मे आजतागायत परत आलेले नाहीत.

वन्संच्या अंगणात पेंढ्या पसरलेल्या होत्या. वन्सं ओणव्या होऊन एकेक पेंढी सोडत होत्या, आतली बाजू उन्हाला करत होत्या. त्यांचे मालक हात गळ्यात घेऊन पायानं पेंढ्या उलटत होते. आंबूस वास सुटला होता. मी एक ओंबी उचलली. दाण्यादाण्याला पांढरा कोंब.

वन्सं सरळ झाल्या. "कोणी पाठवलं? बाबांनी?"

"नाही."

"मग दादानं."

"ते नुसतं ओढून आणायला आलेत."

त्यांनी मशीनकडे बघितलं. "ओलं आहे सगळं. आज चालायचं नाही."

"मग उद्या चालेल."

"उद्याही नाही वाळलं तर?"

"तर परवा. मी बसलेय."

"तुझ्या खळ्यावर रांग असेल ना?"

"होती," मी म्हणाले आणि ओणवी होऊन पेंढ्या सोडायला लागले.

दोन दिवस मी तिथं राहिले. सकाळी पसरायचं, दुपारी उलटायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं. आम्ही दोघी एका ओळीत ओणव्या, कमरा धरलेल्या, कामापुरतं बोलायचं. मशीन दारात उभं. एकदा त्या म्हणाल्या, "दादा सांगत होता, तू त्या दिवशी पुन्हा बंद करायला निघाली होतीस, मी गेल्यावर." मी म्हणाले, "निघाले नव्हते. तसं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले." त्या माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या, आणि पुन्हा खाली वाकल्या.

मग मळलं. पेंढ्या आतून दमटच होत्या. पट्टा घसरत होता, काडी मशीनच्या तोंडात गुंडाळत होती, दर थोड्या वेळानं थांबवून हातानं ओढून काढावी लागत होती. दाणे पडायला लागले तसे वन्संनी ओंजळ खाली धरली. टोकाला काळे, फुगून मग आकसलेले, मोडक्या कोंबांचे. त्यांनी एक दाणा दाताखाली घेतला आणि थुंकून टाकला.

"पेरायला?" मी विचारलं.

"पेरायला नाही. खायलाही निवडून काढावं लागेल, निघाला तर निम्मा." रास तशी दिसायला मोठी होती. त्या तिच्याभोवती झाडू मारत राहिल्या.

"आमच्याकडचं बियाणं घ्या."

"पेरणीला वेळ आहे. बघू."

मी एक मूठ दाणे डोक्याच्या रुमालाच्या टोकाला बांधले. का बांधले कोण जाणे, यांना दाखवावेत असं वाटलं असेल. निघताना वन्सं ट्रॅक्टरपर्यंत आल्या. "बाबांना सांग, मशीन आलं होतं म्हणून," त्या म्हणाल्या. "गव्हाचं काही सांगू नको. चांगला निघाला म्हण."

घरी आले तेव्हा मामंजी दारातच बसले होते. खळ्यावर कोणी नव्हतं. मशीन जागेवर लागायच्या आत त्यांनी विचारलं, "गहू कसा निघाला?"

"चांगला निघाला."

"मूठभर आण."

मी आत गेले. आमच्या कणगीत हात घातला, मूठभर गहू काढला, बाहेर येऊन त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले. दात उरलेत तेवढ्यांनी चावले, सावकाश, डोळे मिटून.

"हा आपल्या घरचा आहे," ते म्हणाले. उरलेले दाणे त्यांनी बाजूला ठेवले आणि हात पुन्हा पुढं केला. "आता तिचा दे."

माझ्या तोंडात एवढा भरपूर असलेला तो 'नाही' शब्द मला त्या वेळी सापडला नाही. मी रुमालाची गाठ सोडली. काळे दाणे त्यांच्या हातावर पडले. त्यांनी ते उजेडाला धरून बघितले नाहीत, वास घेतला नाही. सगळी मूठच तोंडात टाकली आणि चावत राहिले. मी थुंकायला वाटी आणली.

"कडू आहे," मामंजी म्हणाले, आणि गिळलं.